कुपवाड एमआयडीसीतलं एअर ब्रेकचं गॅरेज – आधी लीक शोधतात, मगच पार्टला हात लावतात

आमची दहा चाकी गाडी, भाडं जास्त करून हळद न् बेदाण्याचं. चालू गाडीत हवेच्या दाबाचा काटा ८ बारला पोचायचाच नाय, सहाच्या आसपास लटकायचा, आणि पुण्याहून येताना खंबाटकीच्या उतारावर दोन-चार ब्रेक मारले की अजून खाली, ड्रायव्हर घाबरलेला. आधीच्या एका ठिकाणी मागच्या रिले वॉलच्या (पायब्रेक दाबला की मागच्या चाकांच्या ब्रेकला हवा सोडणारा वॉल) तोंडातनं हवा येतीय म्हणून रिले वॉलच बदलून दिला, नवीन वॉलमधनं पण तसंच फुस्स.

इथल्या मिस्त्रीनं पाना हातात घ्यायच्या आधी एकच विचारलं, "मालक, रात्री हँडब्रेक ओढून लावल्यावर हवा उतरते का?" नाय उतरत म्हणलं, सकाळी काटा जवळपास जागेवर असतो. मग चाकांना ठोकळे लावले, इंजिन बंद, हँडब्रेक सोडला, रिले वॉलमधनं आवाज चालू. ब्रेक दाबायला लावला, आवाज बंद. पाय काढून हँडब्रेक ओढला, परत बंद. म्हणला वॉल चांगलाय, बूस्टरच्या (चाकाजवळचा हवेचा डबा, ब्रेक तोच लावतो) आतलं सील गेलंय. हँडब्रेक बूस्टरमधल्या स्प्रिंगनं लागतो, सोडला की ती स्प्रिंग दाबून धरायला तिच्या खोलीत हवा भरते, ती फाटक्या सीलमधनं पायब्रेकच्या बाजूला येते न् त्याच पाईपनं उलटी रिलेपर्यंत जाऊन बाहेर पडते. म्हणजे आवाज एकीकडं, बिघाड दुसरीकडं. परत हँडब्रेक सोडून मागच्या बूस्टरचे पायब्रेकचे पाईप एकेक करून काढले न् बूस्टरच्या तोंडाला साबणाचं पाणी लावलं, डावीकडच्यावर फेसाचा फुगा टम्म फुगला. उजवीकडं काहीच नाय. स्वतःच्या डोळ्यानं बघितलं.

स्प्रिंगची बाजू ते उघडत नाहीत, अख्खा बूस्टरच बदलतात. खर्च वाढतो पण बरोबरच आहे, आत दाबून बसवलेली स्प्रिंग क्लॅम्प खोलताना सुटली तर माणूस जिवंत राहणार नाय, हे रस्त्याकडंला बसून खोलणाऱ्यांनी खरंच ऐकावं.

नंतर सगळे जॉईंट साबणानं चेक केले, क्लच बूस्टरचा (तोपण ह्याच हवेवर चालतो) नायलॉन पाईप चॅसीला घासून बारीक गळत होता, तोपण बदलला. हवेच्या टाकीतलं पाणी सोडलं. ड्रायव्हरला नीट सांगितलं की काटा भरल्यावर ड्रायरमधनं (हवेतला ओलावा काढणारा) एकदा फुस्स होतं तो लीक नाय, पण हवा भरत असताना तिथनं सारखं येत राहिलं तर गाडी घेऊन ये. आता काटा ८ ला जातो न् तिथंच राहतो.

फक्त लीक शोधायचे वेगळे पैसे घेतात, मला ते अजिबात जास्त वाटले नाय, जुना रिले वॉल उगाच बदलला त्यापेक्षा कितीतरी कमी. जुना पार्ट हातात देतात. अडचण जागेची आहे, हळदीच्या सीझनला सकाळपासनं लाईन असते, ड्रायव्हरला बसायला सावली नाय. ट्रेलरवाल्यांनी फोन करूनच जावं, आत वळत नाही.