आजीची पैठणी, चैत्रगौरीची आरास आणि आमचे चार लाख

लग्नातले डेकोरेटर पैसे घेऊन पळतात अशी बऱ्याच जणांची कल्पना असते. पळणारा परवडला, त्याची तक्रार तरी दोन ओळींत लिहून होते. आम्हाला भेटलेला माणूस पळाला नाही. ठरल्या दिवशी आला, उशिरा आला, निम्मं काम केलं आणि पाहुणे यायला तासभर राहिला असताना उरलेल्या निम्म्यासाठी नव्याने पैसे मागितले. त्या घटकेला मुलीकडची माणसं भांडत बसत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याचा धंदाच त्या एका तासावर चालतो.

माझ्या भाचीचं रिसेप्शन मे महिन्यात, अक्षय्य तृतीयेनंतर, विलेपार्ल्यातल्या एका हॉलमध्ये होतं. हॉलचं आणि डेकोरेटरचं नाव इथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. भाचीला ऑर्किडची भिंत आणि त्यावर लुकलुकणारी इंग्रजी अक्षरं नको होती. तिच्या मनात चैत्रगौरीची आरास होती. स्टेजला उतरत्या पायऱ्या, मधोमध झोपाळा, मागे आजीच्या लग्नातली पैठणी ताणून लावलेली, दोन्ही बाजूंना घरच्या समया, मोगऱ्याच्या माळा, दाराशी घंगाळ आणि आल्या पाहुण्याला कैरीचं पन्हं. आजी म्हणजे माझी आई. ती हे लग्न बघायला राहिली नाही, म्हणून तिच्या वस्तू तरी तिथे असाव्यात एवढीच पोरीची इच्छा. आजीने केलेलं मण्यांचं तोरण आणि माझ्या आईबाबांचा लग्नातला कृष्णधवल फोटोही त्यात होता.

डेकोरेटर इन्स्टाग्रामवर सापडला. पहिल्याच भेटीत त्याने ताईला आई आणि मला मावशी करून टाकलं. आईचा फोटो हातात घेऊन डोळे पुसले. मी बँकेत नोकरी केली आहे. कर्ज मागायला आलेली माणसं टेबलापलीकडे डोळे पुसताना पुष्कळ पाहिली आहेत, त्यामुळे माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. पण व्यवहार भावोजींच्या हातात होता, आणि भावोजी इतके भिडस्त की रिक्षावाल्याकडे सुटे मागतानाही ‘असले तर बघा’ म्हणतात.

कोटेशन जीएसटी धरून ३,६०,००० रुपयांचं होतं. स्टेज, गेट, पॅसेज आणि लाइट मिळून २,२०,०००. हॉलची बाहेरच्या डेकोरेटरसाठीची रॉयल्टी २५,०००. म्युझिक लायसन्स, म्हणजे समारंभात गाणी वाजवायचा परवाना, २०,०००. आणि ‘कॉन्सेप्ट व पर्सनलायझेशन’ ९५,०००.

या शेवटच्या ओळीत सगळी मेख आहे. झेंडूचा भाव पहाटे दादरच्या फुलबाजारात जाऊन कोणीही विचारू शकतं. स्टेजचा भाव फुटावर निघतो, तो आणखी दोघांना विचारता येतो. आजीची पैठणी चौकटीत लावायचा भाव कुणाला विचारणार? शिवाय तिथे घासाघीस करायला माणूस कचरतो. मेलेल्या आईच्या आठवणींचा सौदा करतोय असं वाटतं. समोरच्याला हे तुमच्याआधी कळलेलं असतं, म्हणून जिथे मन हळवं तिथे तो आकडा फुगवतो आणि फुलांच्या ओळी स्वस्त दाखवतो. पुढे मी हे कोटेशन लालबागच्या एका जुन्या सजावटकाराला दाखवलं. गणपतीचे मखर करण्यात त्याची हयात गेली आहे. तो म्हणाला, लाकडी चौकट, मागे मखमल, झोपाळ्याच्या कड्या आणि कारागिराची मजुरी धरून वीस हजारांच्या वर कोणी मागितले तर उठून जायचं.

फुलांपुढे काय लिहिलं होतं? ‘थीमप्रमाणे’. किती किलो, खरी की कापडी, कुठली, काही नाही. मे महिना मोगऱ्याचा असतो हे खरं, पण मुहूर्ताच्या दिवशी मोगरा महाग होतो आणि उकाड्यात काही तासांत तांबूस पडतो. तेव्हा माळा किती आणि किती वाजता लावणार, हे लिहून घेतल्याशिवाय ‘मोगरा’ या शब्दाला कोटेशनमध्ये काही किंमत नाही.

म्युझिक लायसन्सचं वेगळं सांगते, कारण ही ओळ हल्ली पुष्कळ कोटेशनांत दिसते. कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात धार्मिक समारंभांना सूट आहे आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर समारंभ त्यात धरलेले आहेत. केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून तेच पुन्हा बजावलं. आमच्याकडे तर डीजेसुद्धा नव्हता. एक सनईवाले आणि भावोजींच्या मित्राचा पेनड्राइव्ह, यासाठी वीस हजार!

जीएसटीचा नंबरही कोटेशनवर ठळक छापलेला होता. तो वाचायला शिकून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, मालक कोण ते सांगतं: कंपनी असेल तर इंग्रजी ‘सी’, एकटी व्यक्ती असेल तर ‘पी’, भागीदारी असेल तर ‘एफ’. आमच्या डेकोरेटरच्या कार्डावर प्रायव्हेट लिमिटेड होतं आणि नंबरात ‘पी’. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो नंबर टाकला तर नाव भलत्याच माणसाचं आणि नोंदणी रद्द झालेली. म्हणजे जीएसटीच्या नावाने घेतलेला पैसाही सरकारात गेलेला नाही.

आणि ते इन्स्टाग्रामवरचे फोटो! ‘आमचं काम’ म्हणून दाखवलेल्या एका स्टेजवर सुंदर पितळी दिवे होते. नीट पाहिलं तर त्या आपल्या समया नव्हेत, केरळातले निलविळक्कू. भाचीने फोटो गुगल लेन्सवर टाकला तेव्हा तो तिकडच्याच एका लग्नाचा निघाला. फोटो बघू नका, चालू काम बघायला बोलवा म्हणावं. मुंबईत मे महिन्यात ज्या डेकोरेटरचं एकही काम कुठे चालू नसेल, तो डेकोरेटर नाही.

रिसेप्शनपर्यंत त्याने तीन लाख घेतले. निम्मे बुकिंगला, बाकीचे ‘फुलांची ऑर्डर आजच द्यायची आहे, उद्या भाव वाढेल’ म्हणून. पहिले पैसे फर्मच्या खात्यात गेले, नंतरचे त्याच्या भावाच्या यूपीआयवर. बँकेत बसलेल्या कोणालाही विचारा, पैसे घेणाऱ्याचं नाव मध्येच बदललं की व्यवहार तिथे थांबवायचा असतो.

सकाळच्या सत्रात हॉलवर कोणाची तरी मुंज होती. पार्ल्या-दादरच्या हॉलांत दिवसाला दोन कार्यं असतात, त्यामुळे दुपारी दोनला मोकळं झालेलं स्टेज संध्याकाळी सातला नवं करायचं म्हणजे माणसं भरपूर लागतात. याची चार पोरं आली, तीही चारच्या पुढे. झोपाळा नाही. पायऱ्यांऐवजी प्लायवुडचे दोन खोके, त्यांवर कापड. मोगरा प्लॅस्टिकचा, वर अत्तराचा फवारा मारलेला. ताईच्या जाऊबाईंना त्या वासाने शिंका सुरू झाल्या. गेटला लावलेली जरबेरा सकाळच्या मुंजीतली, माना टाकलेली. आमच्या स्वागतफलकाच्या मागच्या बाजूला अजून बटूचं नाव होतं. आणि पैठणी? स्टेपल गनने प्लायवुडला ठोकलेली.

सहा वाजता पोरांनी काम थांबवलं. त्यांचा मुकादम म्हणाला, आम्हाला मालकाने पैसे दिलेले नाहीत, द्या नाहीतर ट्रस, म्हणजे लाइट-सजावटीचा लोखंडी सांगाडा, उतरवतो. मालकाचा फोन बंद. जरा वेळाने मालक स्वतःच अवतरला, डोक्याला हात लावून, ‘मावशी, माझीच फसवणूक झाली हो’ म्हणत. उरलेले साठ हजार आणि वर ‘जादा लेबर, टेम्पो वेटिंग, रात्रीचं लोडिंग’ म्हणून पंचाहत्तर हजार मागू लागला. मुकादम आणि तो एकमेकांकडे बघत नव्हते, फार ठरवून बघत नव्हते. घासाघीस होऊन एक लाखावर तुटलं. व्याही गाडीतून उतरत होते तेव्हा भावोजी बाथरूममध्ये उभं राहून यूपीआय करत होते. एकूण चार लाख. त्यानंतर जी माणसं लागली ती पाहण्यासारखी होती. वीस मिनिटांत लाइट लागले, कार्पेट पडलं. माणसं आणि सामान आधीपासून खाली टेम्पोतच बसलेलं होतं.

पाहुण्यांना यातलं काही कळलं नाही, कोणी कोणी तर सजावटीचं कौतुक केलं. रात्री डेकोरेटरने स्वतःच्या इन्स्टाग्राम पानासाठी रीलही काढलं.

दुसऱ्या दिवशी हॉलने आमच्या डिपॉझिटमधून पंचवीस हजार कापले. रॉयल्टी त्याने भरलीच नव्हती. तेव्हा रॉयल्टी डेकोरेटरच्या हातात कधीही देऊ नका. हॉलच्या ऑफिसात स्वतः भरा आणि पावती घ्या.

वस्तू मात्र तो टेम्पोत घालून घेऊन गेला. ‘पॅकिंगमध्ये गेल्या, पाठवतो.’ मग ‘ट्रान्सपोर्टचे आठ हजार पाठवा.’ मग उत्तरच नाही.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य अपेक्षित तेच ऐकलं: हे सिव्हिल आहे, कोर्टात जा. काम वाईट केलं, उशिरा केलं, एवढ्यावर फसवणुकीचा गुन्हा सहजी बसत नाही, कारण पैसे घेतानाच त्याचा हेतू खोटा होता हे दाखवावं लागतं. भारतीय न्याय संहितेतलं ३१८ कलम त्यासाठी आहे; जुन्या लोकांना ते ४२० म्हणून माहीत. पण ओळखीच्या वकीलबाईंनी बोट दुसरीकडे ठेवलं. पैशांचं राहू द्या, वस्तूंचं काय? विश्वासाने सोपवलेली वस्तू परत न करणं हा विश्वासघात, कलम ३१६. आणि तिथे आमचा पुरावा भक्कम होता. ताईने वस्तू देताना प्रत्येकीचा फोटो काढून खाली नाव लिहून व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं: पैठणी एक, घंगाळ एक, समया दोन, तोरण एक, फोटो चौकटीसह एक. खाली त्याचं उत्तर, ‘मिळालं आई, जिवापाड जपतो’. तो छापील कागद अर्जाला जोडल्यावर ठाण्यातून त्याला फोन गेला आणि लगेच टेम्पो दाराशी आला. पैठणी, घंगाळ आणि समया परत मिळाल्या. पैठणीच्या पदराला आणि काठाला पिनांची भोकं आहेत, रफूवाला म्हणतो जुन्या जरीत दिसत राहतील. तोरण आणि फोटो आलाच नाही. फोटोची दुसरी प्रत नाही.

पैशांसाठी आम्ही मुंबई ग्राहक पंचायतीचा सल्ला घेतला. १९७५ पासून काम करणारी ही संस्था पार्ल्यातच आहे, हे आमचं नशीब. तिथून कळलेलं थोडक्यात असं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, डेकोरेटरचा पत्ता कुठलाही असो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवरून अर्ज भरता येतो, आणि त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून पाहता येते. इन्स्टाग्रामवरचं पानच बनावट होतं, पैसे गेले आणि माणूसच अस्तित्वात नाही, असा प्रकार असेल तर मात्र थांबायचं नाही. ताबडतोब १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर लावायचा, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत तो गोठवता आला तरच हाती लागतो.

ज्यांची तारीख अजून यायची आहे आणि आगाऊ रक्कम देऊन झाली आहे, त्यांनी आज एक ईमेल करावा. स्टेज किती फूट बाय किती फूट, खरी फुलं कुठे आणि कृत्रिम कुठे, काम किती वाजता पूर्ण, मजुरांचे पैसे कोण देणार, हे त्यात विचारावं आणि उत्तर लेखी मागावं. शेवटचा हप्ता एकूण रकमेच्या निदान तिसऱ्या हिश्शाचा असावा आणि तो कार्य झाल्यावर द्यावा. हॉलच्या मॅनेजरला आधीच सांगून दुसऱ्या एका डेकोरेटरचा नंबर खिशात ठेवावा. नुसतं कापड आणि लाइट लावायला तासाभरात माणसं मिळतात, आणि हे समोरच्याला माहीत असलं की त्याची मागणी खाली येते. घरच्या वस्तू त्याच्या गोदामात पाठवू नयेत. त्या कार्याच्या दिवशी घरच्याच माणसाने हॉलवर आणाव्यात, स्वतः लावाव्यात, आणि शेवटची पंगत उठायच्या आत उतरवून गाडीत ठेवाव्यात. या एका कामासाठी एखादा भाचा किंवा पुतण्या जेवणाआधीच नेमून टाकावा. आणि जुन्या फोटोची प्रत काढून प्रतच द्यावी. मोठी प्रत काढून देणारे स्टुडिओ दादरला स्टेशनच्या दोन्ही अंगांना आहेत.