ड्रायव्हिंग स्कूल रिव्ह्यू (कोथरूड): चार स्टार, आणि पाचवा का नाही तेही लिहिलंय

आधी निकाल सांगते, घाईतल्यांसाठी. वर्षानुवर्षं ॲक्टिव्हा हाणलेली पण चारचाकीच्या उजव्या सीटवर कधी न बसलेली, चाळिशी-पन्नाशीतली बाई असाल तर इथेच शिका. कॉलेजच्या पोरांना लायसन्सपुरतं उरकायचं असेल तर येऊ नका, वैतागाल, कारण इथे भरपूर बोलायला लावतात आणि पहिल्या आठवड्यात तुमची गाडी सारखी बंद पडते. स्कूलचं नाव टाकत नाहीये, मालकीणबाईच नको म्हणाल्या, दोनच गाड्या आहेत आणि वेटिंग आधीच लांब आहे. पौड रोडच्या आतल्या गल्लीत आहे, कोथरूडमधल्या बायकांच्या कुठल्याही ग्रुपवर विचारा, पत्ता मिळेल.

आता मी मुळात कशाला गेले ते. घरात गाडी कधीपासून आहे, चालवायला नवरा आहे, मुलगा होता तोवर मुलगा होता, आता तो बंगळुरूला. मला कुणी कधी शिकू नको म्हणलं नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण बाईने या वयात गाडी शिकली म्हणलं की लोकांना लगेच तिचं सासर आठवतं. उलट आमच्याकडे एक फार प्रेमळ वाक्य होतं, "मी आहे ना, सोडतो की." त्या वाक्यावर वर्षं निघाली. आई वाईला एकटी असते, तिच्याकडे जायला स्वारगेटवरून एसटी आहे, मी जातेच, पण तिला डोळे दाखवायला साताऱ्याला न्यायचं म्हणलं की गाडी लागते आणि गाडी म्हणजे कुणाचा तरी मोकळा रविवार लागतो. मग हळूहळू आपण ठरवणंच बंद करतो, नुसतं विचारत राहतो, जमेल का, बघ हं, घाई नाही. एकदा आईच फोनवर म्हणाली, "तुझं कधी ठरतंय ते सांग, जावईबापूंचं कधी ठरतंय ते नको." म्हातारी सहज बोलली असेल, मला झोंबलं.

हे माझं दुसरं स्कूल. पहिलं नवऱ्याच्या ओळखीतलं होतं, त्याचंही नाव राहू दे. तिथले सर माणूस म्हणून चांगले, पण ट्रेनिंगच्या गाडीत डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो ना, तर सरांचे दोन्ही पाय तिथे कायम कामाला, एक हात माझ्या स्टिअरिंगवर आणि दुसऱ्या हातात मोबाईल. मी आपली खूश, सिग्नलला गाडी मस्त उठतेय, वळणावर मस्त स्लो होतेय, एकदाही बंद पडत नाहीये, म्हणलं आपल्याला तर येतंच की. आता हे कसं ओळखायचं ते सांगते, कारण हे कुणीच सांगत नाही. दोन्हीकडची पेडलं आतून जोडलेली असतात, त्यामुळे त्यांनी तिकडे दाबलं की तुमच्या पायाखालचं पेडलही खाली जातं. तुमचा पाय त्यावर नुसता टेकलेला असेल तर आपणच दाबलं असं वाटतं. मी एकदा रिकाम्या रस्त्यावर पाय मुद्दाम उचलून बाजूला घेतला. गाडी पुढच्या स्पीडब्रेकरला छान हळू झाली आणि छान पुढे निघाली. मी तिथे नसते तरी चाललं असतं.

कोर्स संपल्यावर घरची गाडी काढली, शेजारी नवरा, आणि सोसायटीच्या गेटमध्येच ती इतक्यांदा बंद पडली की वॉचमनने खुर्ची सरकवून घेतली. नवऱ्याकडे पेडलं नाहीत पण हँडब्रेक आहे, तो त्याने धरूनच ठेवला होता. तरी त्याला दोष नाही देणार, मीसुद्धा धरला असता.

पैसे भरण्याआधी नियम माहीत असलेले बरे. केंद्राच्या 1989 च्या मोटार वाहन नियमांत स्कूलसाठी स्पष्ट लिहिलंय, खासगी गाडीचं ट्रेनिंग कमीत कमी 21 दिवस आणि प्रत्यक्ष ड्रायव्हिंग कमीत कमी 10 तास. आता रोज अर्धा तास धरला तर साडेदहा तास होतात, म्हणजे कागदावर जमलं. पण बऱ्याच ठिकाणी एका गाडीत तिघं बसवतात, एकाला घरून घ्यायचं, एकाला सोडायचं, आणि तो अर्धा तास यातच मोजतात. फॉर्म 15 म्हणून एक रजिस्टर असतं, कुणी किती तास गाडी चालवली याचं, ते दाखवा म्हणायचं. पहिल्या ठिकाणी सगळ्या सह्या एकदम शेवटच्या दिवशी घेतल्या. इथे रोज उतरताना वही समोर येते, किती मिनिटं झाली ते तुम्हीच लिहायचं आणि तुम्हीच सही करायची. लर्निंग लायसन्सचा अर्जसुद्धा "कागद द्या, आम्ही बघतो" असं नाही, मालकीणबाई सारथीची, म्हणजे लायसन्सची सरकारी, साइट उघडून लॅपटॉप तुमच्यापुढे सरकवतात. चाळिशीच्या पुढे असाल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म 1ए, ते आधीच करून ठेवा म्हणजे हेलपाटा वाचेल.

आता शिकवण्याची पद्धत, याच्यासाठीच एवढं लिहायला बसले. पहिल्याच दिवशी एका मोकळ्या मैदानात नेलं आणि बाई शेजारच्या सीटवर चक्क मांडी घालून बसल्या. पाय वर. म्हणाल्या, "काकू, हे बघा माझे पाय, आता जे होईल ते तुमचं." ॲक्सिलरेटरला हात नाही, म्हणजे पाय नाही, फक्त क्लच हळूहळू सोडायचा, गाडी थरथरली की तिथेच धरायचा, परत दाबायचा. अख्खा तास हेच. कंटाळवाणं आहे, खोटं नाही सांगणार, पण हाफ क्लच म्हणजे काय ते पोटरीला कळलं, डोक्याला नाही. रस्त्यावर मात्र त्यांचा पाय तयार असतो, असायलाच हवा, शिकाऊ माणसाच्या शेजारी बसणाऱ्याला गाडी थांबवता आली पाहिजे असा नियमच आहे. पण त्यांनी ब्रेक दाबला की त्या मोठ्याने सांगतात, "मी दाबला", आणि उतरल्यावर वहीत त्याचीही नोंद होते. सुरुवातीला पान भरायचं. शेवटी शेवटी रिकामं जायला लागलं तेव्हा जे वाटलं ते नवऱ्याला सांगून कळलं नाही, आईला लगेच कळलं.

दुसरी गोष्ट, त्या "जाऊ का?" ला उत्तरच देत नाहीत. मला सवय, स्कूटरवर एकटी असते तेव्हा नाही हां, पण शेजारी कुणी बसलं की विचारायचंच, जाऊ का, वळू का, तो थांबेल का. कर्वे पुतळ्यापाशी मी अडकले, मागे पीएमपीची बस हॉर्नवर बसलेली, मी तीनदा विचारलं आणि बाई समोर बघत शांत. मग म्हणाल्या, "तुम्हाला काय दिसतंय ते बोला." म्हणलं रिक्षा येतेय. "मग?" मग थांबते. "थांबा की मग, बसला काय घाई आहे ते तिचं ती बघेल." हे रोज. माझा राग राग झाला, एवढे पैसे देऊन हो-नाही पण सांगत नाहीत म्हणजे काय. नंतर कधीतरी, कधी ते लक्षात नाही, मी विचारायची थांबले आणि रिक्षा लांब आहे, निघाले, असं स्वतःशीच पुटपुटत निघूनसुद्धा गेले.

आणि पुण्यात उलट्या दिशेने येणारे टू-व्हीलरवाले तर आहेतच. असा एक जण आडवा आला की मी लगेच सुरू, हा असा, हा तसा, यांना लायसन्स देतं कोण. बाईंचं म्हणणं, त्याची चूक शंभर टक्के, आता सांगा तुम्ही आरसा कधी बघितलात, स्पीड किती होता, ब्रेकवर पाय कधी गेला. म्हणजे तो चूक आहे याने माझं काम काही कमी होत नाही. हे त्यांनी भाषण म्हणून कधी सांगितलं नाही, फक्त तेच तीन प्रश्न परत परत विचारले. घरी येऊन मी असेच प्रश्न गाडी सोडून बाकीच्याही गोष्टींना विचारायला लागले, आईकडे जाता आलं नाही याला कोण जबाबदार वगैरे, पण ते इथे कशाला लिहू.

टेस्ट भोसरीला, नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या ड्रायव्हिंग ट्रेनिंगच्या संस्थेच्या ट्रॅकवर. लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्या लायसन्ससाठी 30 दिवस थांबावंच लागतं, त्या दिवसांत भरपूर चालवा, शेजारी लायसन्सवालं माणूस आणि पुढे-मागे एल बोर्ड एवढं पाहिजे. बाई टेस्टला सोबत येत नाहीत, गाडी पाठवतात. तुम्ही तुमची अपॉइंटमेंट घ्या, तुम्ही जा. ज्यांना कुणीतरी आत ओळख काढून देईल असं वाटतंय त्यांनी दुसरं स्कूल बघा.

पाचवा स्टार का नाही. ही न बोलण्याची पद्धत कधीकधी जास्त होते. चांदणी चौकाच्या बाजूच्या चढावर मला पहिल्यांदा नेलं तेव्हा चढावर गाडी उठवायला हँडब्रेक कसा वापरायचा हे आधी नीट सांगायलाच हवं होतं. बाई गप्प, मी गांगरले, गाडी मागे गेली, मागच्या टेम्पोवाल्याला घाम फुटला, शेवटी "मी दाबला" ऐकू आलं. मी त्यांना नंतर स्पष्ट सांगितलं, निर्णय आमचा हे मान्य, पण जे माहीतच नाही त्याचा निर्णय माणूस कसा घेणार, आणि फी आम्ही शिकवण्याची देतो. त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या बॅचला चढ आधी मैदानातल्या उतारावर करून घेतात असं ऐकलं. रिव्हर्स पार्किंगही कमी झालं, आमच्या बेसमेंटमधले खांब बघता ते जास्त हवं होतं. गाड्या जुन्या आहेत, एसी नावालाच, मे महिन्यात दुपारची बॅच घेऊ नका.

वाईला जाऊन आले. मी गेले तेव्हा खंबाटकीचा घाट जाताना चढायचा होता, बोगदा येताना लागला, तर जाताना दुसऱ्या गिअरमध्ये ट्रकच्या मागे निवांत चढले, ओव्हरटेक कराच म्हणून कुणी बाजूला नव्हतं. सुरूर फाट्यावरून आत वळले. आईला साताऱ्याला नेऊन आणलं, मंगळवार होता, नवरा ऑफिसला. त्याने दोनदा फोन केला, मी घाटात उचलला नाही, वर जाऊन गाडी कडेला लावली आणि मग केला.

फी बाकीच्यांपेक्षा थोडी जास्त आहे, दोन हप्त्यांत घेतात, गूगल पे चालतं. सकाळी सातची बॅच लवकर भरते कारण रस्ते मोकळे असतात, पण माझं ऐकाल तर संध्याकाळी सहाची घ्या, खरा पौड रोड तेव्हाच भेटतो. ऑटोमॅटिक गाडी त्यांच्याकडे नाही, ती शिकायची असेल तर आधीच फोन करून विचारा, दिवाळीनंतर घेणार आहेत म्हणे.