डोक्याला लावायचं भिंग: तीन घेतली, एक टिकलं

मागच्या पावसाळ्यात नॅट या लढाऊ विमानाचं १/७२चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, मॉडेल करायला घेतलं, आपल्या हवाई दलाचं, १९६५च्या युद्धात पाकिस्तानची सेबर विमानं पाडणारं. मुळात विमानच इवलंसं, पावणेनऊ मीटर लांब, म्हणजे मॉडेल जेमतेम १२ सेंटीमीटरचं. त्यात सीटबेल्ट फोटो-एचचे, म्हणजे रसायनाने कोरलेल्या पातळ पितळी पत्र्याचे. खरा पट्टा ५ सेंटीमीटर रुंद धरला तरी या स्केलला तो पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही. चिमट्यात पट्टा धरला, टूथपिकच्या टोकाने सुपर ग्लू लावला आणि तो सीटवर टेकलाय की हवेतच आहे तेच मला कळेना. वय ४७, प्रोग्रेसिव्ह चष्मा लागून दोन वर्षं झालीयेत. लहानपणी आई सुई-दोरा माझ्या हातात द्यायची, तुझे डोळे चांगले आहेत म्हणून, आणि तेव्हा तिला का दिसत नाही ते मला कळायचं नाही.

तर भिंग हवं होतं, पण दोन्ही हात मोकळे राहतील असं. सात-आठ महिन्यांत तीन प्रकार विकत घेतले आणि एक उसना वापरून पाहिला, त्याचा हा हिशोब. तुम्ही घेणार असाल तर पैसे वाचतील.

पहिलं घेतलं ते सगळेच घेतात ते, ऑनलाइन सहा-सातशे रुपयांत मिळणारं बिननावाचं, प्लास्टिकचा पट्टा, पुढे एलईडी आणि डबीत पाच बदलायची भिंगं, १ पासून ३.५ एक्सपर्यंत (एक्स म्हणजे किती पट मोठं दिसतं ते). मी अर्थातच आधी ३.५चं लावलं. सीटबेल्ट इतका सुंदर दिसला की मी बायकोला हाक मारून दाखवला! पण ब्रश हातात घेतला आणि ब्रशची दांडी भिंगावरच आपटली. कारण साधं आहे, ३.५ एक्स म्हणजे साधारण १० डायऑप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच माप), आणि १० डायऑप्टरचं भिंग १० सेंटीमीटरवरच फोकस होतं. १०० भागिले डायऑप्टर केलं की सेंटीमीटरमधलं अंतर मिळतं, एवढंच गणित. चार बोटांच्या त्या जागेत मॉडेल, चिमटा, ब्रश आणि दोन हात बसवायचे, शिवाय मान घालून इतकं जवळ जायचं की सुपर ग्लूची वाफ सरळ डोळ्यांत जाते. आणि इतक्या जवळ बघताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागतं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की खोक्यावरचा एक्सचा आकडा बघून भिंग निवडू नका, किती लांबून दिसतं ते बघा. २ एक्सला साधारण २५ सेंटीमीटर मिळतात, १.७५ला ३३. बसून, कोपर टेबलावर टेकवून, हात न आखडता काम होतं ते याच टप्प्यात. त्याच्या वरचे नंबर तपासायला ठीक, कॅनोपीच्या, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाच्या, फ्रेमवर रंग उतरलाय का, डिकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) हवा राहिलीय का वगैरे.

या पहिल्यावाल्याची भिंगं अॅक्रिलिकची आहेत, हे लक्षात ठेवा. माझ्या २ एक्सवाल्यावर रंगाचा थेंब उडाला आणि मी घाईत थिनरच्या बोळ्याने पुसला, भिंग एका क्षणात कायमचं धुरकट झालं. चूक माझीच. अॅक्रिलिकला लॅकर थिनर, एसिटोन काही लावायचं नाही, भांड्याच्या साबणाचा एक थेंब पाण्यात आणि चष्म्याचं मऊ फडकं, बस. त्याचा एलईडीही कपाळावरून सरळ खाली मारतो, फोटो-एचच्या पितळेवर तो इतका चमकतो की पट्ट्याचे टाके दिसायच्या ऐवजी नुसता पांढरा डाग दिसतो. मी तो बंद ठेवतो आणि डाव्या बाजूने टेबल लॅम्प लावतो, तिरक्या उजेडात उंचसखल भाग नीट कळतात, सँडिंग करताना जॉइंट राहिलाय का तेसुद्धा.

दुसरं घेतलं टेबलाला क्लॅम्प होणारं, गोल काचेभोवती लाइट असलेलं, ब्युटी पार्लरमध्ये असतं तसं. ५ इंचाची काच, ३ डायऑप्टर, म्हणजे पावणेदोन एक्स. काचेखाली जागा भरपूर, उजेड मस्त आणि डोक्यावर वजन नाही. डिकल लावायला मला आजही हेच आवडतं, कारण पाण्यात भिजलेलं डिकल सरकवताना सगळा पंख एकदम नजरेत येतो. पण इथे डोकं भिंगामागे जायला पाहिजे, भिंग डोक्यामागे येत नाही. मॉडेल जरा फिरवलं, आपण जरा वाकलो की काचेच्या कडेला सगळं वाकडं दिसायला लागतं, मग हातातलं ठेवून स्टँड हलवा, तोवर ग्लू वाळला. एअरब्रश (रंग फवारायचं हत्यार) तर याच्याखाली शक्यच नाही, काचेवर रंगाचा थर बसतो. आणि एक गंभीर गोष्ट, माझं टेबल पूर्वेच्या खिडकीला लागून आहे, एका सकाळी भिंगाची काच उघडी राहिली आणि ऊन तिच्यातून कटिंग मॅटवर एकवटलं, वास आला म्हणून धावलो, मॅटला रुपयाएवढा भाग वितळलेला होता. शेजारी थिनरची बाटली होती! अशा दिव्याला झाकण असतं ते शोभेचं नाही, उठताना बंद कराच, आणि बाकीची भिंगंही उन्हात उघडी टाकू नका.

मध्येच पुतणीचा लूप लावून बघितला. ती डेंटिस्ट आहे, तिच्याकडे चष्म्यावर दोन छोट्या दुर्बिणी बसवलेला अडीच एक्सचा आहे. हा प्रकार वेगळाच आहे राव. एकाच काचेऐवजी पुढे बहिर्गोल, मागे अंतर्गोल अशी जोडी असते, त्यामुळे अडीच एक्स असूनही ताठ बसून ४० सेंटीमीटरवरचं दिसतं. मान अजिबात झुकत नाही. मात्र दिसतो तो तळहाताएवढा भाग, चिमटा कुठे ठेवला ते बघायला नजर दुर्बिणीच्या खालून न्यावी लागते आणि डोळ्यांमधलं अंतर नीट जुळवलं नाही तर दोन-दोन चित्रं दिसतात. तिचा लूप तिच्या मापाने बनवलेला, किंमत ऐकून मी तो दोन्ही हातांनी परत दिला. १/७००ची जहाजं करणाऱ्यांना, जिथे सहा फुटी माणूस अडीच मिलिमीटरचा होतो, तिथे हा खर्च समजू शकतो.

शेवटी जे टिकलं ते ऑप्टिव्हायझर. अमेरिकेतल्या कॅन्ससची डोनेगन ऑप्टिकल नावाची कंपनी बनवते, जगभरचे मॉडेलर, सोनार, घड्याळजी वापरतात. भाचा येणार होता त्याच्याकडून मागवला, इथे मागवला तर कस्टम्ससकट चांगलाच महाग पडतो. यात काच खरी काच आहे, घासून बनवलेली, आणि तिला प्रिझमचा आकार दिलेला असतो त्यामुळे जवळचं बघताना डोळ्यांना नाकाकडे तेवढं वळावं लागत नाही. हा फरक कागदावर कळत नाही हो, पण दीड तास बसून उठल्यावर कळतो, कपाळ ठणकत नाही. प्लेटचे नंबर असतात, ३ नंबर १.७५ एक्स आणि १४ इंचांवर, ४ नंबर २ एक्स आणि १० इंचांवर, असं करत १० नंबर ३.५ एक्स आणि फक्त ४ इंचांवर. मी ४ घेतला आणि माझ्यासारखं १/७२ किंवा १/३५ करणाऱ्याला मी तोच सांगेन. चष्म्यावरून बसतो, काम झालं की कपाळावर वर सारायचा, लागला की खाली. साध्या मॉडेलला लाइट नसतो, मला तर ते बरंच वाटलं कारण बाजूचा लॅम्प आहेच.

प्रोग्रेसिव्ह चष्मावाल्यांनो, इथे नीट लक्ष द्या, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि पहिला आठवडा मी भिंगालाच दोष देत होतो. चष्म्याच्या खालच्या भागात वाचायचा नंबर असतो. भिंगातून समोर बघितलं तर तुम्ही वरच्या, लांबच्या भागातून बघता आणि २५ सेंटीमीटरवर फोकस मिळतो. पण नजर खाली गेली की वाचायचा नंबर भिंगाच्या पॉवरमध्ये मिळतो, माझा पावणेदोन आहे, मग भिंगाचे ४ डायऑप्टर अधिक १.७५, अंतर एकदम १७-१८ सेंटीमीटरवर येतं. मॉडेल जागेवर आणि फोकस पुढेमागे पळतोय, यानेच गरगरतं. मी चष्म्याच्या दुकानात जाऊन फक्त लांबच्या नंबरचा साधा सिंगल व्हिजन चष्मा स्वस्तातल्या फ्रेममध्ये करून घेतला, तो टेबलाच्या खणातच असतो. ज्यांचा नंबर मायनस ४-५ आहे त्यांनी तर खरेदीआधी एकदा चष्मा काढून बघावं, २०-२५ सेंटीमीटरवर उघड्या डोळ्यांनीच स्वच्छ दिसतं, कदाचित भिंग लागणारही नाही.

पुण्यात असाल तर ऑनलाइन घ्यायच्या आधी रविवार पेठेत सोनारांची हत्यारं मिळतात तिथे एक चक्कर मारा. तिथे डोक्याला लावून बघता येतं. जाताना खिशात फोटो-एचची एखादी पट्टी आणि तुमचा नेहमीचा ब्रश ठेवा, भिंग लावून ब्रशचं टोक पट्टीला टेकवून बघा, दांडी कुठे अडते का, हात आखडतात का. दोन मिनिटं तसेच थांबा.

नॅटचे चारही पट्टे बसले. बकलला चांदी रंगाचा ठिपका ४ नंबरमधूनच दिला, १० सेंटीमीटरवालं भिंग त्यानंतर फक्त बघायला लावलं.