स्कॉटलंडच्या पावसात डिअर स्टॉकिंग: स्वस्त वॉटरप्रूफ कपडे हंगामभर वापरल्यानंतर

बजेट कमी असेल तर पैसे आधी पँटवर घाला, जॅकेटचं नंतर बघा. सप्टेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडच्या पश्चिम हायलँड्स या डोंगराळ भागातल्या लोखाबरमध्ये डिअर स्टॉकिंग, म्हणजे लपतछपत माग काढून हरणांची शिकार, केल्यानंतर माझं हे मत पक्कं झालं आहे. दुकानांत चित्र बरोबर उलटं असतं. दर्शनी भागात जॅकेटांच्या रांगा आणि पावसाच्या पँटी कुठेतरी मागच्या कोपऱ्यात. त्यामुळे नवीन माणूस चारशे-पाचशे पौंडांचं जॅकेट घेतो आणि खाली पातळ नायलॉनची घडीची पँट चढवून डोंगरावर येतो. तासाभरात त्याचे गुडघे, मांड्या आणि बूड भिजलेलं असतं. वरचं महागडं जॅकेट तेवढं कोरडं.

शिकार करणं बरोबर आहे का, हा मराठी वाचकांच्या मनात येणारा प्रश्न आधी घेते. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे आणि ती असायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं. स्कॉटलंडची गोष्ट निराळी आहे. इथले लांडगे काही शतकांपूर्वीच संपले. हरणांना नैसर्गिक शत्रू उरला नाही, त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास असल्याचा अंदाज आहे, आणि पाइन, बर्च, रोवनची कोवळी रोपं गुडघ्याएवढी होण्याआधीच खाल्ली जातात. जंगल परत यायचं असेल तर हरणं कमी करावी लागतात. परवाना आणि प्रशिक्षण घेऊन, अनुभवी स्टॉकरच्या (हरणांचा माग काढणाऱ्या जाणकार शिकाऱ्याच्या) सोबतीनं मी हे काम करते. मांस वाया जात नाही. रेड डिअर या मोठ्या हरणांच्या माद्यांच्या शिकारीचा हंगाम 21 ऑक्टोबर ते 15 फेब्रुवारी. नरांचा बंद हंगाम, म्हणजे शिकारीला मनाई असलेला काळ, 2023 मध्ये कायद्यातून काढला गेला. म्हणजे मुख्य काम नेमकं वर्षातल्या सगळ्यांत ओल्या आणि काळोख्या महिन्यांत येतं.

मी चिपळूणची. पाऊस मला नवा नाही. पश्चिम हायलँड्सच्या काही भागांत वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, म्हणजे आकड्यात जवळपास कोकणच. पण कोकणात भिजलं तरी अंग गार पडत नाही. घरी येऊन डोकं पुसलं की झालं. इथे नोव्हेंबरात तापमान चार-पाच अंश, वारा आडवा, आणि पाऊस कधी कधी खालून वर येतो असं वाटावं इतका तिरका. त्यात हरणं दुर्बिणीतून न्याहाळत तासभर हालचाल न करता पडून राहायचं. अशा वेळी भिजलेला माणूस झपाट्यानं गारठतो, बोटं वळेनाशी होतात, आणि बोटं वळत नसतील तर त्यानं रायफल उचलू नये. जखमी होऊन पळालेलं हरिण या कामात सगळ्यांत वाईट. म्हणून कोरडं राहणं ही माझ्या लेखी चैन नाही, प्राण्याविषयीच्या जबाबदारीचा भाग आहे.

आता पँटच का, ते सांगते. कपड्यांच्या लेबलवर 10,000 मिमी, 20,000 मिमी असे आकडे असतात. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहिला तरी पाणी आत येणार नाही, असा त्याचा अर्थ. 10,000 मिमी म्हणजे 10 मीटर पाणी, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरवर साधारण 1 किलोचा दाब. नुसता पाऊस याच्या जवळपासही दाब देत नाही. पण माझं वजन पंचावन्न किलो, पाठीवर सॅक. ओल्या पीटवर (कुजलेल्या वनस्पतींच्या दलदलीच्या मातीवर) गुडघा टेकला की त्यातलं बरंचसं वजन तळहाताहून लहान जागेवर उतरतं, आणि खाली दगड असेल तर त्याच्या टोकावर. शेवटची दोन-अडीचशे मीटर तर बहुतेक वेळा रांगत किंवा पोटावर सरपटत जायचं असतं. पाणी वरून कमी आणि खालून जास्त येतं. 5,000 मिमीची स्वस्त घडीची पँट मी सुरुवातीला वापरून पाहिली. उभ्यानं चालताना ती उत्तम होती. रांगायला लागल्यावर गुडघ्यांतून पाणी आलं आणि हेदर या डोंगरी झुडपाच्या कडक काटक्यांनी आतल्या लेपावर ओरखडे पडले.

तिच्या जागी घेतली ब्रिटिश लष्कराची जुनी गोअर-टेक्सची, म्हणजे आत वॉटरप्रूफ पडदा असलेल्या कापडाची, पँट. लष्करी शिलकी मालाच्या दुकानात तीस पौंडांच्या आत मिळाली. कापड जाड, शिवणींवर रुंद टेप, कमरेला इलॅस्टिक, आणि पायाला बाजूनं चेन असल्यामुळे बूट न काढता चढवता येते. संपूर्ण हंगामात गुडघ्यातून पाणी आलं नाही. मापाचा त्रास मात्र झाला. सगळ्यांत लहान मापही माझ्या उंचीला लांब. खालून कापून शिवून घेतली, पण सुई जिथे आरपार गेली तिथे भोक पडतंच, म्हणून आतल्या बाजूनं सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवणारं द्रव्य) लावला. बायकांसाठी आणखी एक सांगते, कारण हे कुणी लिहीत नाही: छातीपर्यंत येणारी बिब पँट सरपटायला फार चांगली, पण लघवीला जायचं झालं की वाऱ्यात वरचे सगळे कपडे उतरवावे लागतात. त्या भीतीनं दिवसभर पाणी न पिणं धोक्याचं आहे. कमरेची पँट आणि गॅलिस (पँट धरून ठेवणारे खांद्यावरचे पट्टे) हीच जोडी बरी.

या पँटचा खरा दोष म्हणजे आवाज. चालताना सळसळ, आणि हेदरला घासली की खरखर. हरणाचे कान दोन्ही बाजूंना वेगवेगळे फिरतात. वारा आपल्या बाजूनं असला तरी कोरड्या, थंड हवेत हा आवाज शंभर मीटरवर सहज पोचतो. यावरचा उपाय आमच्या स्टॉकरनं सांगितला आणि हंगामातला सगळ्यांत मोलाचा सल्ला तोच ठरला. पावसाची पँट आत घालायची आणि वरून लोकरीची. मी सेकंडहँड दुकानातून जाड लोकरीची जुनी पँट घेतली. लोकर आवाज करत नाही आणि काटक्यांचा मार स्वतः खाते, त्यामुळे आतला पडदा शाबूत राहतो. तोटाही आहे. लोकर पाणी शोषून जड होते, चढावर घाम लवकर साचतो, आणि गॅलिस नसतील तर पँट कमरेवरून घसरते. पण एकंदरीत मी हाच मार्ग निवडेन. इथल्या इस्टेटींवरचे (मोठ्या खाजगी जमिनींवरचे) जुने स्टॉकर अजून ट्वीडचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, सूट वापरतात, त्यामागे परंपरा आहेच, पण ट्वीडचा मुकेपणाही आहे.

जॅकेट मी सेकंडहँडच घेतलं, साठ पौंडांना. वरून मऊ फ्लीससारखं कापड, मध्ये वॉटरप्रूफ पडदा, मांडीपर्यंत लांब, आणि डोक्यातून घालायचं. चेन फक्त छातीपर्यंत. पूर्ण चेनच्या जॅकेटात सरपटताना चेन पोटाखाली रुतते आणि तिथूनच पाणी शिरतं, म्हणून हा प्रकार मला आवडला. वेल्क्रो मात्र जिथे जिथे होता तिथला उसवून बटणं लावली. शांत दरीत वेल्क्रो उघडण्याचा आवाज गोळीसारखा ऐकू जातो. खिसे बाजूला नकोत, त्यांत पीटचं पाणी भरतं. छातीवर एक खोल खिसा पुरे.

हूडबद्दल माझं मत थोडं कडक आहे. बसून दुर्बिणीतून पाहताना हूड घाला, पण पुढे सरकायला लागलात की काढा. हूडमध्ये पावसाची टपटप सोडून काहीच ऐकू येत नाही आणि बाजूचं दिसत नाही. पुढे झाप असलेली लोकरीची टोपी भिजली तरी ऊब देते.

रंगावर उगाच पैसे घालवू नका. हरणाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. तांबडा-नारिंगी रंग त्यांना आपल्यासारखा वेगळा दिसत नाही, पण निळा चांगला दिसतो. सेलमध्ये सगळ्यांत स्वस्त वॉटरप्रूफ बहुधा निळेच असतात, तेवढा मोह टाळा. पानापानांच्या नक्षीचं महाग कॅमोफ्लाज लागत नाही. फिकट हिरवा, तपकिरी, करडा, काहीही चालतं. डोंगराच्या कडेवर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे राहिलात तर कोणताही रंग तुम्हाला लपवणार नाही.

धुण्याकडे मात्र लक्ष द्या, स्वस्त कपडे टिकतात ते इथेच. नव्या कापडावर पाणी अळूच्या पानावरल्यासारखं घरंगळतं, कारण वर पाणी झटकणारा लेप असतो. चिखल, घाम आणि साध्या पावडरचा अंश साचला की तो लेप काम करेनासा होतो. वरचं कापड पाणी पितं, घाम बाहेर पडत नाही, आणि आपल्याला वाटतं की जॅकेट गळतंय. बऱ्याचदा ते गळत नसतं. नेहमीच्या पावडरमध्ये कपडे उजळ दिसावेत म्हणून जी द्रव्यं असतात तीही इथे नकोत, कारण जांभळ्यापलीकडचा प्रकाश हरणांना आपल्यापेक्षा जास्त जाणवतो आणि ही द्रव्यं त्याच प्रकाशात चमकतात. मी निकवॅक्स कंपनीचा टेक वॉश, म्हणजे वॉटरप्रूफ कपडे धुण्याचं खास द्रव्य, वापरते, दोनदा खळबळून काढते, आणि मग लेप परत देणारं द्रव्य लावते. सॉफ्टनर कधीच नाही. हरिण साफ करताना बाहीला लागलेलं रक्त थंड पाण्यानंच धुवायचं, गरम पाण्यानं ते कायमचं बसतं.

आणखी एक. ओलं जॅकेट घडी करून गाडीच्या डिकीत ठेवू नका. स्वस्त कपड्यांतला पॉलियुरेथेनचा लेप ओल आणि उष्णता मिळाली की चिकट होऊन सोलवटतो. कोकणातल्या घरी कपाटातल्या जुन्या रेनकोटांचं काय होतं ते आठवा, कारण तेच आहे.

हंगामाच्या शेवटी काय झिजलं? जॅकेटचे दोन्ही कोपर. डिसेंबरनंतर तिथून ओल यायला लागली. आतून चिकटवायची ठिगळं लावली, ती टिकली आहेत. उजव्या खांद्यावर रायफलचा पट्टा आणि सॅक मिळून शिवणीवरची टेप सुटायला लागली आहे. पँट मात्र अजून जशीच्या तशी, फक्त टाचेजवळ थोडी फाटली. गेटर (बुटाचा वरचा भाग आणि पोटरी झाकणारी आवरणं) पँटच्या आत घातले तर बुटात पाणी उतरत नाही. बाहेर घातले की पँटवरून ओघळणारं पाणी थेट गेटरमध्ये जातं, तेवढं लक्षात ठेवा. हातमोज्यांत मला अजून समाधानकारक काही मिळालेलं नाही. लोकरीच्या दोन जोड्या आलटून पालटून वापरते.

सगळा खर्च, धुण्याच्या द्रव्यांसकट, सव्वाशे पौंडांच्या आत बसला. एवढ्यात मी कोरडी राहिले का? चढताना नाही. पण चढताना मी पावसाचे कपडे घालतच नाही. जोराचा पाऊस नसेल तर नुसत्या लोकरीच्या थरांवर चढते, घाम निघून जाऊ देते, आणि दुर्बिणीसाठी बसण्याच्या जागेच्या थोडं खाली थांबून सगळं चढवते. ही सवय लागली की कापड किती श्वास घेतं याचे लेबलवरचे मोठमोठे आकडे फारसे महत्त्वाचे राहत नाहीत आणि तिथले पैसे वाचतात.

खरेदी फेब्रुवारीच्या शेवटी करा. हंगाम संपतो, लोक कपडे विकायला काढतात, शिलकी मालाच्या दुकानातही घासाघीस होते. जुनी पँट घेताना ती उलटी करून उजेडात धरा आणि गुडघे, बूड आणि दोन पायांमधली शिवण बघा. टेप सुटलेली असेल तर ती पुन्हा चिकटवता येते. पण आतला पडदा कापडापासून फुगून वेगळा झाला असेल तर दहा पौंडांतही घेऊ नका.