कँटोनीज रागाची कार्डं : अर्थ चोख, उच्चार कच्चे

कॉलेज रोडवर पुस्तकांच्या एका दुकानात हा ३६ कार्डांचा संच २४० रुपयांना मिळतो. पुढे चिनी अक्षरं आणि देवनागरी उच्चार, मागे मराठी अर्थ. सगळे शब्द कँटोनीजमधले, म्हणजे हाँगकाँगमध्ये बोलल्या जाणाऱ्या चिनी भाषेतले, आणि सगळे रागाचे.

अर्थ मनापासून लावलेत. शब्दशः 'आग उकळली' असा जो वाक्प्रचार आहे, त्याला 'तळपायाची आग मस्तकात' दिलंय. 'दाढी फुंकून डोळे वटारणे' तर समजवावंच लागत नाही. राग आतल्या आत दाबून धरण्याच्या शब्दाला नुसतं 'रागावणे' न लिहिता 'धुमसणे' लिहिलंय, हे फार चांगलं केलं.

उच्चारांत मात्र घोळ आहे. ज्युटपिंग ही कँटोनीज रोमन लिपीत लिहायची पद्धत, १९९३ साली हाँगकाँगमध्ये ठरलेली. तिच्यातली रोमन अक्षरं जशीच्या तशी देवनागरीत उतरवलीत. त्या पद्धतीत 'जी' म्हणजे आपला क आणि 'के' म्हणजे ख. 'बी' म्हणजे प. 'झेड' म्हणजे 'चांगला'मधला च. म्हणून धुमसण्याचं 'गुक हेइ' चूक, 'कुक हेइ' बरोबर. 'छळून जीव घेतलास' या अर्थाचं 'गिक सेइ' हवं 'किक सेइ'. क-ख आपल्या जिभेवर उपजत वेगळे असतात; हा आयता फायदा संचाने घालवला. शेवटचा क सोडायचा नाही, घशाशी अडवायचा. 'एक'सारखा सुटला की उच्चार परका वाटतो.

त्याहून मोठी उणीव सुरांची. कँटोनीजमध्ये सहा सूर, कार्डांवर एकही नाही. 'फो' (फोनमधला फ) दुसऱ्या, चढत्या सुरात आग. तिसऱ्या, मधल्या सपाट सुरात माल. राग म्हणजे 'नऊ', अगदी आपल्या आकड्यासारखा, पण पहिल्या, उंच सपाट सुरात. चढवलात तर 'पिळणे' होतं. चिडून वाक्याचा शेवट वर नेलात, तर नेमका तिथेच अर्थ बदलतो. आवाज मोठा करा, सूर हलवू नका.

'सात छिद्रांतून (डोळे, कान, नाकपुड्या, तोंड) धूर' हा संतापाचा पुस्तकी प्रयोग रोजच्या बोलीशेजारी खूण न करता ठेवलाय. गप्पांत तो जड वाटेल.

घेणार असाल तर आधी पेन्सिलीने प्रत्येक अक्षराशेजारी सुराचा आकडा घाला, ग-ब-झ दुरुस्त करा, आणि रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय एकही कार्ड पाठ करू नका.