एसडीएमचा जोखीम फॉर्म: काय मोजतो आणि कुठे फसतो

मूल आज रात्री या घरात सुरक्षित आहे का, हा एक प्रश्न. पुढच्या दीड-दोन वर्षांत याच घरात पुन्हा काही घडेल का, हा दुसरा. बालसंरक्षणाच्या कामात या दोन प्रश्नांची सरमिसळ फार महागात पडते. 'स्ट्रक्चर्ड डिसिजन मेकिंग', म्हणजे एसडीएम, हा फॉर्मसंच ती सरमिसळ टाळण्यासाठीच बांधलेला आहे. त्यामुळे त्याला गुण द्यायचे ते याच कसोटीवर.

संच अमेरिकेतला. एनसीसीडी या संस्थेनं घडवलेला. तिचंच नाव 2020 पासून 'एव्हिडेंट चेंज'. मिशिगनमधल्या प्रत्यक्ष केसेसच्या आकडेवारीतून त्याची जोखीम मोजण्याची पद्धत उभी राहिली आणि 1990च्या दशकाच्या अखेरीस ती कॅलिफोर्नियात गेली. इथलं परीक्षण कॅलिफोर्नियाच्या धर्तीवरच्या संचाचं आहे. त्यात हेल्पलाइनवर आलेल्या फोनची चाळणी (घरी 24 तासांत पोचायचं की 10 दिवसांत), सुरक्षितता तपासणी, जोखीम मापन, कुटुंबाच्या गरजा आणि जमेच्या बाजू, आणि नंतरचं फेरमापन असे भाग येतात. चाळणीचा भाग ठाकठीक आहे. गरजांचा फॉर्म लांबलचक आहे आणि इतकं भरून हाती येणारा आराखडा बऱ्याचदा 'समुपदेशन, पालकत्वाचे वर्ग' एवढ्यावरच आटोपतो. खरी किंमत सुरक्षितता आणि जोखीम या दोन फॉर्मची.

सुरक्षितता तपासणी पहिल्या भेटीतच, मुलाला त्या घरात ठेवून बाहेर पडण्याआधी करायची आणि 48 तासांत लिहून काढायची. उत्तरं तीनच: सुरक्षित, आराखड्यासह सुरक्षित, असुरक्षित. मुलाला घराबाहेर हलवायचं की नाही, ते इथे ठरतं. जोखीम मापन त्यानंतर, चौकशी संपत आल्यावर, पहिल्या प्रत्यक्ष भेटीपासून 30 दिवसांच्या आत. त्यातून ठरतं ते एवढंच की केस उघडून कुटुंबासोबत काम सुरू ठेवायचं की फाइल बंद करायची. पातळ्या चार: कमी, मध्यम, उच्च, अतिउच्च. वरच्या दोन आल्या तर केस उघडायची; खालच्या दोन आल्या आणि सुरक्षिततेचा कुठला धोका शिल्लक नसेल तर बंद करायची. 'अतिउच्च' म्हणजे मूल उचलून आणा, असा अर्थ मॅन्युअलमध्ये कुठेही नाही. तरीही कामाच्या गर्दीत तो तसा वाचला जातो, आणि 'कमी' वाचून आजचा धोका दुर्लक्षिला जातो. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे.

जोखीम फॉर्मला दोन स्वतंत्र बाजू आहेत, एक हेळसांडीची आणि एक मारहाणीची. दोन्ही बाजू प्रत्येक कुटुंबासाठी भरायच्या, तक्रार कशाचीही असो. ज्या बाजूची पातळी वर, ती अंतिम. प्रश्नांना बहुतेक 0 किंवा 1 गुण, मोजक्यांना 2 किंवा 3. हेळसांडीकडे आधीच्या चौकशा किती, घरातल्या सर्वांत लहान मुलाचं वय, तक्रारीत गुंतलेल्या मुलांची संख्या, मुख्य सांभाळकर्त्याचं व्यसन किंवा मानसिक आजार, घर धोकादायक आहे का की घरच नाही, असे प्रश्न. मारहाणीकडे मुलाला पूर्वी झालेली इजा, घरातला जोडीदारांमधला हिंसाचार, आणि एक मार्मिक प्रश्न: घडलेल्या प्रकाराकडे सांभाळकर्ता कसा पाहतो? 'त्यानंच मला तसं करायला लावलं' याला वेगळा गुण, 'मुलाला असंच वळण लागतं' याला वेगळा. जोडी विचित्र वाटते, पण फॉर्म कारणं शोधत नाही. पूर्वीच्या केसेसमध्ये पुन्हा घडण्याशी ज्या गोष्टींचा संबंध आकड्यांत दिसला, तेवढ्याच त्यानं ठेवल्या आहेत. म्हणूनच सेवा काय द्यायची हे त्याला विचारू नये. आधीच्या चौकशा कुठल्याही समुपदेशनानं कमी होत नाहीत.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो 'मुख्य सांभाळकर्ता' या एका शब्दावर. व्याख्या सांगते: त्या घरात राहणारा आणि मुलाची निम्म्याहून जास्त काळजी घेणारा प्रौढ. आता समजा, घरात आई, तिचा जोडीदार आणि चार मुलं आहेत. धाकटं आठ महिन्यांचं. आई रात्रपाळीला जाते, तेव्हा मुलं जोडीदाराकडे असतात. तो दारू पितो, आई पीत नाही. तक्रार आहे ती रात्री मुलांकडे कुणी पाहत नसल्याची. केसवर्करनं सवयीनं आईला मुख्य धरलं, तर हेळसांडीच्या बाजूला व्यसनाचा गुण शून्य. जोडीदाराला धरलं तर एक. काठावरच्या केसमध्ये तेवढ्यानं 'मध्यम'ची 'उच्च' होते, म्हणजे फाइल बंद होण्याऐवजी उघडते. मुलांना जेवण कोण देतं, झोपवतं कोण, आजारी पडल्यावर दवाखान्यात कोण नेतं, हे आठवड्याच्या तासांत मांडल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही. काळजी समसमान निघाली, तर ज्याच्यावर आरोप आहे तो मुख्य. अनेक केसवर्कर आई दिसली की तिच्याच नावावर शिक्का मारतात; त्यात आकडाही चुकतो आणि आईवर अन्यायही होतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे 'माहीत नाही'ला शून्य. आधीच्या चौकशांचा प्रश्न जुन्या नोंदी उघडून भरायचा असतो, कुटुंबाला विचारून नव्हे. कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा राज्यातून आलेलं असेल तर तिथून नोंद मागवावी लागते. ती येईपर्यंत तीस दिवस संपत येतात, मग शून्य टाकून फॉर्म पुढे सरकतो. पर्यवेक्षकानं सही करताना बेरजेआधी शून्यांकडे पाहावं: प्रत्येक शून्यामागे कुणी काय तपासलं, याची नोंद भेटीच्या टिपणात आहे का?

तिसरी चूक जास्त चिवट, कारण ती फॉर्मवर दिसत नाही. निर्णय आधी होतो आणि गुण मागाहून जुळवले जातात. केस बंद करायची ठरली, की 'मानसिक आजार' हा प्रश्न अचानक 'निदान झालेलं नाही' म्हणून शून्य होतो. कारण साधं आहे: डोक्यावर केसेसचा ढीग, आणि फॉर्म निर्णयानंतर, ऑफिसात बसून भरला जातो. उपायही साधाच आहे, पण शिस्त लागते. प्रत्येक उत्तर व्याख्येचं पान उघडून द्यायचं आणि बेरीज शेवटी करायची. ज्या सॉफ्टवेअरमध्ये बेरीज प्रत्येक टिचकीबरोबर कोपऱ्यात बदलताना दिसते, ते सॉफ्टवेअर या चुकीला आमंत्रणच देतं.

ओव्हरराइडची, म्हणजे गुणांवरून आलेली पातळी बदलण्याच्या सोयीची, रचना मात्र या संचातली सर्वांत हुशार गोष्ट. आधी गुणांवरून पातळी काढायची, मगच ओव्हरराइड. काही परिस्थितींत पातळी थेट अतिउच्च होते: लैंगिक अत्याचार आणि आरोपीला मुलापर्यंत पोचणं शक्य; अगदी लहान मुलाला अपघाताशिवाय झालेली इजा; कुठल्याही वयाच्या मुलाला झालेली तशीच गंभीर इजा; सांभाळकर्त्याच्या कृतीमुळे किंवा हलगर्जीमुळे एखाद्या मुलाचा मृत्यू. याखेरीज केसवर्करला आतून वाटलं, तर तो पातळी एकाच पायरीनं आणि फक्त वर नेऊ शकतो, कारण लिहून आणि पर्यवेक्षकाच्या संमतीनं. खाली आणण्याची मुभा पहिल्या मापनात नाही. माणसाच्या अंदाजाला जागा दिली आहे, पण ती किती आणि कुठल्या दिशेनं हेही ठरवून दिलं आहे. एखाद्या ऑफिसात दर दुसऱ्या फॉर्मवर ओव्हरराइड दिसू लागला, तर तिथे फॉर्म वापरला जात नाही, नुसता भरला जातो.

फॉर्म चालतो का? 2000 साली बेअर्ड आणि वॅग्नर यांनी मिशिगनचा आकडेवारीवर बेतलेला फॉर्म आणि तज्ज्ञांच्या सहमतीनं बनवलेल्या दोन पद्धती शेजारी ठेवून तपासल्या. कुटुंबांची कमी, मध्यम, उच्च अशी विभागणी आकडेवारीच्या फॉर्मनं अधिक स्पष्ट केली. हे दोघे एसडीएम घडवणाऱ्या संस्थेचेच होते, एवढं लक्षात ठेवून वाचावं. आणि 'अधिक स्पष्ट' म्हणजे अचूक नव्हे. कागदावर हिशोब मांडून बघा. समजा 1000 कुटुंबं आहेत आणि त्यांतल्या 100 घरांत पुन्हा घडणार आहे. फॉर्म त्यांतली 70 पकडतो, आणि उरलेल्या 900 पैकी 180 ठिकाणी उगाच घंटा वाजवतो. अशा फॉर्मला कुणी वाईट म्हणणार नाही. तरी 'उच्च' शिक्का बसलेल्या 250 घरांपैकी 180 घरांत पुढे काहीच घडत नाही, आणि जिथे घडतं त्यांतली 30 घरं 'कमी'च्या गठ्ठ्यात निवांत पडून असतात. मूळ प्रमाणच कमी असल्यामुळे हे होतं. फॉर्म कितीही घासूनपुसून लख्ख केला तरी ते टळत नाही. म्हणून 'उच्च' हे कुटुंब कुठल्या गटात बसतं याचं वर्णन आहे. त्या आईचं भविष्य नव्हे. न्यायालयात अहवाल देताना 'पुन्हा मारहाण होण्याची दाट शक्यता' असं फॉर्मच्या भरवशावर लिहिणं चूकच.

आणखी एक दोष फॉर्मच्या पोटातच आहे. 'पुन्हा घडलं' हे तो मोजतो ते पुन्हा आलेल्या किंवा खऱ्या ठरलेल्या तक्रारींवरून. पण सरकारी मदत आणि सरकारी दवाखान्यावर विसंबलेलं कुटुंब दहा सरकारी डोळ्यांसमोर असतं. बंद फाटकाआडच्या बंगल्यातलं नसतं. आधीच्या तक्रारींना गुण दिले की गरिबीलाही थोडेफार गुण मिळतातच.

हाच दोष संगणकाच्या साधनांत आणखी फुगतो. पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलेगेनी काउंटीत ऑगस्ट 2016 पासून फोनच्या चाळणीसाठी 1 ते 20 असा स्कोअर वापरात आला. काउंटीच्या वेगवेगळ्या खात्यांची साठवलेली माहिती जोडून तो निघतो, केसवर्करला काही भरावं लागत नाही. पण भाकीत कशाचं? दोन वर्षांत मूल घरातून काढलं जाईल का, याचं. म्हणजे खातं स्वतःच्याच सवयीचं भाकीत करतं. त्यांनी एक गोष्ट मात्र नीट केली: स्कोअर फोनच्या टेबलापुरताच ठेवला, प्रत्यक्ष चौकशी करणाऱ्याला तो दाखवत नाहीत. मधल्या काळात तांत्रिक बिघाडामुळे काही स्कोअर चुकीचे दिसत होते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं, की स्कोअर चुकीचा असताना कर्मचारी त्याचं कमी ऐकत होते. हातात फोनवरची माहिती होती म्हणून हे जमलं. इलिनॉयमध्ये दुसऱ्या एका भाकीत-यंत्रणेनं 4000 हून जास्त मुलांना मृत्यू किंवा गंभीर इजेची 90 टक्के किंवा त्याहून अधिक शक्यता असल्याचा शिक्का लावला, तर मृत्यू झालेल्या काही मुलांबद्दल इशाराच दिला नाही. 2017 मध्ये राज्यानं ती बंद केली. एसडीएमचा कागद यापेक्षा बरा, कारण त्यातला प्रत्येक गुण पालकाला आणि वकिलाला बोट ठेवून दाखवता येतो.

एसडीएमसोबत जोडायचंच असेल तर 'साइन्स ऑफ सेफ्टी', म्हणजे सुरक्षिततेच्या खुणा. टर्नेल आणि एडवर्ड्स यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियात 1990च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत. एका पानावर तीन रकाने: काळजी कशाची, चांगलं काय चाललंय, पुढे काय व्हायला हवं; खाली 0 ते 10 अशी पट्टी, जिच्यावर कुटुंबासह प्रत्येक जण आपला आकडा सांगतो. त्यानं मुलांना घरातून हलवण्याचं प्रमाण घटतं, याला भक्कम पुरावा नाही. पण धोक्याचं वाक्य लिहायला ही पद्धत उत्तम शिकवते. 'आईकडून देखरेखीत त्रुटी' हे वाक्य कुणालाच कळत नाही. 'आई कामावर आणि काका प्यायलेला असताना बाळ गुदमरलं तर उठून बघणारं कुणी नसेल, ही काळजी आहे' हे घरच्यांना कळतं. त्यावर रात्री कोण थांबेल हेही लगेच ठरवता येतं. पट्टीवरचा आकडा जोखीम फॉर्मच्या पातळीशी जुळवत बसू नये. दोन्ही वेगळ्याच गोष्टी मोजतात.

राहता राहिलं फेरमापन, ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. मूल घरी असताना ते निदान दर सहा महिन्यांनी करायचं. यात जुन्या इतिहासाचं वजन कमी आणि आराखड्यातली कामं किती झाली याचं जास्त; इथे केसवर्कर पातळी एका पायरीनं खालीही आणू शकतो. ब्रिटनमध्ये 1973 ते 1994 या काळातल्या 45 बालमृत्यू व छळ चौकशी अहवालांचा आयलीन मन्रो यांनी अभ्यास केला, तेव्हा कर्मचारी आपलं पहिलं मत नवी माहिती आल्यावरही सोडत नाहीत, हे ठळकपणे समोर आलं. फेरमापनात नेमकं तेच होतं: जुना फॉर्म शेजारी उघडा ठेवून खुणा उतरवल्या जातात. तो मिटून ठेवावा, गेल्या तीन भेटींची टिपणं वाचून नवा फॉर्म भरावा आणि मगच दोन्ही जुळवावेत. शक्य असेल तर दर महिन्याला काही फाइली दुसऱ्या केसवर्करकडे नुसत्या टिपणांवरून भरायला द्याव्यात. ज्या प्रश्नावर दोघांचे गुण वेगळे पडतील, तिथे व्याख्येचं पान दोघांनी मिळून वाचावं. बहुधा ते पान मुख्य सांभाळकर्त्याचंच निघतं.