चव आणि आठवण यांचा प्रयोगसंच: घ्यावा असा, पण अर्ध्यावर थांबणारा

आपली आवडनिवड कशी घडते, हे घरबसल्या पडताळून पाहता यावे यासाठी हा संच तयार केला आहे. त्यात नावाऐवजी फक्त क्रमांक घातलेल्या वासाच्या कुप्या, नाकाचा चिमटा, फळांच्या स्वादाच्या गोळ्या, कडू चवीच्या कागदी पट्ट्या, नोंदवही आणि माहितीपुस्तिका आहे.

चिमट्याचा प्रयोग अप्रतिम आहे. डोळे मिटून, नाक बंद करून गोळी तोंडात ठेवली की गोडवा आणि किंचित आंबटपणा एवढेच कळते. ती कोणत्या फळाची, हे काही केल्या सांगता येत नाही. चिमटा काढून श्वास सोडताच मात्र संत्रे लख्ख ओळखू येते, कारण ज्याला आपण चव म्हणतो त्याचा मोठा भाग घशामागून नाकात पोहोचणारा वास असतो. कडू पट्ट्याही तितक्याच बोलक्या आहेत. एकाला जी पट्टी कडूजहर लागते, ती शेजारच्याला नुसता कागद वाटते. हा फरक रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स यांच्या लक्षात 1931 च्या सुमारास प्रयोगशाळेत अपघाताने आला आणि तो बराचसा टीएएस2आर38 या जनुकावर अवलंबून असतो. एखादी भाजी नको म्हणणाऱ्या मुलाला हट्टी ठरवण्याआधी पालकांनी हा प्रयोग जरूर करावा.

पुस्तिकेत मात्र गोड, कडू अशा प्रत्येक चवीसाठी जिभेचा वेगळा भाग दाखवणारा तो जुना नकाशा छापला आहे, हे खटकते. 1901 मधील जर्मन शास्त्रज्ञ हेनिग यांच्या निरीक्षणांचा विपर्यास होऊन रूढ झालेला हा समज केव्हाच खोडला गेला आहे; स्वादकलिका असलेल्या जिभेच्या प्रत्येक भागाला सगळ्या मूळ चवी कळतात.

आठवणींच्या विभागात कुपी हुंगल्यावर वासाचे नाव शोधण्याआधी मनात येईल ते लिहायला सांगितले आहे, आणि ही सूचना फार विचारपूर्वक दिलेली आहे. वासाचे संदेश थॅलॅमसमध्ये, म्हणजे इतर संवेदनांचे संदेश पुढे पाठवणाऱ्या मेंदूतील केंद्रात, न थांबता भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांपर्यंत पोहोचतात, म्हणून नाव सुचण्याआधीच मन भरून येऊ शकते. पण पुस्तिका एवढ्या हळव्या आठवणींवरच थांबते. गोड पाणी पिताना किरणोत्सर्गाला सामोरे जाऊन आजारी पडलेले उंदीर पुढे ते पाणी टाळू लागतात, हे मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी 1955 मध्ये दाखवले. आजारपणानंतर एखादा पदार्थ कायमचा नकोसा होतो, त्यामागे हेच शिकणे असते. जेवल्याचे न आठवणाऱ्या दोन स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांनी थोड्याच वेळात समोर आलेले दुसरे जेवणही घेतले, हे मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांचे 1998 मधील निरीक्षण तर भुकेचाच आठवणीशी असलेला संबंध उघड करते. यांपैकी एकाचाही उल्लेख पुस्तिकेत नाही.

नोंदवहीत प्रत्येक चवीसाठी एकच रकाना आहे, हा सर्वांत मोठा दोष. नावडती चव पुन्हा पुन्हा चाखल्याने अंगवळणी पडते, आणि तो बदल टिपण्यासाठी तारखांचे अनेक रकाने हवेत. कुप्यांचा वासही उघडझाकीने लवकर उडतो; त्या सुट्या मिळू लागल्या, तर शाळांनाही हा संच वर्षानुवर्षे वापरता येईल.